आपणहून वाजणारा हॉर्न

"मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे अंधाराकडून प्रकाशाकडे चाललेला एक अखंड प्रवास आहे!" असं मी खणखणीत आवाजात म्हणालो, आणि बॉनेटखालून धूर निघाला.

गाडीत मी एकटाच होतो. तासगावच्या बाजूला एका वाचनालयात नव्या दिव्यांचं उद्‌घाटन होतं, मी प्रमुख पाहुणा होतो, आणि भाषणाची तालीम मी नेहमी गाडी चालवतानाच करतो. डाव्या बाजूची रिकामी जागा सोडली तर श्रोता कुणी नव्हता. प्रवास काही पुढे सरकला नाही. आधी डॅशबोर्डवरचे काटे आडवे झाले, मग रबर जळल्याचा वास आला, आणि माझी जुनी फियाट रस्त्याच्या कडेला अंग टाकून उभी राहिली. शेजारच्या द्राक्षबागेतून दोघं धावत आले. त्यांनी आधी बॅटरीची वायर उपटली, मग मला बाहेर काढलं आणि मग विचारलं, "आजोबा, संगट कोन न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

दिव्यांचं उद्‌घाटन माझ्यावाचून झालं. दिवे लागले, असं मागाहून कळलं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझी बायको कुमुद जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. गाडी ट्रॅक्टरला बांधून सांगलीत आणली ती थेट दस्तगीर मुजावरच्या गॅरेजात. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे सांगलीत पुष्कळ होते, पण 'सांगलीत मी, आणि माझ्यानंतर थेट जपान' असं दस्तगीरचं स्वतःबद्दलचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगत असे. त्यानं बॉनेट उघडलं, एका वायरीला बोट लावलं आणि बोटावरचा काळा चुरा मला दाखवला.

"वायर न्हाई ही, साहेब. शेव झालीया."

"मग?"

"मग काय? ठिगळं लावायचे दिवस गेले. सगळा हार्नेस नवा. हे हितनं धरून पार मागच्या दिव्यांपर्यंत. कोइमतूरला एक पठ्ठ्या हाय, जुन्या गाड्यांचे हार्नेस करतो. मागवतो."

हार्नेस म्हणजे गाडीतल्या झाडून सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली वेणी. पुढचे दिवे, मागचे दिवे, हॉर्न, वायपर, जिथे जिथे वीज लागते तिथे तिथे तिची एक बट सुटलेली असते.

"मागव," मी म्हणालो. "पण एक अट आहे."

"बोला की."

"हॉर्न पूर्वी आपणहून वाजायचा, आठवतं ना? तसा परत वाजला पाहिजे."

दस्तगीरच्या हातातली पक्कड खाली पडली. एरवी ही पक्कड त्याच्या हातून कुणी काढून घेऊ शकलं नसतं.

आता इथे हॉर्नबद्दल सांगणं आलं. माझ्या फियाटचा हॉर्न स्वयंभू होता. मी हात न लावता तो वाजे, आणि भलत्याच वेळी वाजे. एखाद्या कार्यक्रमाहून परतताना मी कुमुदला सांगत असायचो की माझ्या एका कोटीवर अध्यक्षांचं तोंड कसं एवढंसं झालं. अध्यक्षांचं तोंड एवढंसं होणार तेवढ्यात, पॉं! 'अमक्याच्या विनोदाला खोलीच नाही गं,' असं मी म्हणायला आणि हॉर्न वाजायला एकच गाठ पडे. एकदा अंकलीच्या पुलावर, सभागृह कसं उठून उभं राहिलं हे दाखवायला मी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले होते. हॉर्न बोंबलला म्हणून दचकून समोर पाहिलं, तर उसाचा ट्रक. कुमुद अशा वेळी खिडकीबाहेर बघत असे. "काय बाई ही गाडी," एवढंच म्हणे.

दस्तगीरकडे मी तक्रार घेऊन कितीदा तरी गेलो. तो मला बाहेर बसवी, अर्धा तास गाडीत डोकं घाली आणि म्हणे, "झालं." दोन-चार दिवसांत हॉर्न पुन्हा स्वतंत्र.

शेवटी मी त्या हॉर्नवर लेख लिहिला. दिवाळी अंकात आला. लोकांना अजून तेवढाच आठवतो. माझ्या दुसऱ्या लेखांचं नाव काढलं की चेहरे विचारी होतात. त्याची प्रुफं कुमुदनं वाचली होती. तिनं दुरुस्ती एकच सुचवली.

"अंकलीच्या पुलावर दोनदा वाजला असं लिहिलंय तुम्ही. तीनदा वाजला होता."

"तुला बरं आठवतं!"

"न आठवायला काय झालं?" ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

ती गेली, आणि तिच्यामागे तो हॉर्न एकदाही आपणहून वाजला नाही. मी प्रयत्नांत कसूर केली नाही. भव्य भव्य वाक्यं बोललो. हयात विनोदी लेखक संपले तेव्हा दिवंगतांना नावं ठेवली. मोकळा रस्ता बघून दोन्ही हातसुद्धा सोडले. गाडी गप्प. तिला दुःख झालंय, अशी मी समजूत करून घेतली. घरी माझ्याशिवाय आवाज करणारा असा एक मिक्सर होता, आणि त्यालाही दुःख झालंय का, हे मी विचारलं नव्हतं.

तर दस्तगीरनं पक्कड उचलली, पँटला पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, लोक बिघाड काढायला येतात."

"मी बसवायला आलोय."

"आसा बिघाड बसवता येत न्हाई वो. तो ज्याचा त्याला होतो. अंगावर तीळ असतो का न्हाई, तसं."

"सांगलीत तू, आणि तुझ्यानंतर जपान. मग?"

"जपानलाबी जमायचं न्हाई."

"मग जुनी वायर ठेव. हॉर्नपुरती. काय बिघाड होता तो तिच्यातच असेल ना? कधीतरी पुन्हा येईल तो."

"शेव झालीया म्हनलं न्हवं? पेटंल गाडी. आन् तुमी आत." त्यानं बॉनेट आपटून लावलं. "नवा हार्नेस घालायचा आसंल तर सगळा घालायचा. न्हाईतर मी हात लावत न्हाई. आन् नवा घातला की हॉर्न तुमी दाबल्याबिगर वाजनार न्हाई. हे आधीच सांगतो."

म्हणजे गाडी वाचणार होती आणि हॉर्न जाणार होता. दोन दिवस मी घरी विचार केला. बंगळूरहून मुलीचा फोन आला. "बाबा, जळली ना शेवटी? आता तरी भंगारात द्या."

"देतो," मी म्हणालो, आणि गॅरेजात जाऊन दस्तगीरला हार्नेस मागवायला सांगितला.

हार्नेसचं खोकं आल्यावर मी रोज सकाळी गॅरेजात जाऊन बसू लागलो. बॅटरीचं एक रिकामं लाकडी खोकं पालथं घातलेलं असे, ती माझी खुर्ची. माझ्यावर एक कामही होतं. नव्या हार्नेसच्या प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी होती आणि ती बारीक इंग्रजी अक्षरं दस्तगीरला दिसत नसत. चष्मा तो लावत नसे, कारण जपानात कुणी लावत नाही, असं त्याचं म्हणणं. मी वाचून दाखवी. 'डावा पार्किंग लाइट.' 'तेलाचा काटा.' आयुष्यभर वाचकांनी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मधूनमधून त्याच्या फोनवर बायको येई. "व्हय, व्हय. आनतो. आज आनतो म्हनलं की." फोन ठेवून तो मला सांगे, "मंडळीचं दळण. परवापासनं डबा गिरणीत पडलाय. घरी भाताच्या वर काय मिळंना झालंय."

"मग आण की."

"तुमची गाडी सोडून?" असं म्हणून तो दळणाची जबाबदारी माझ्यावर टाके.

दस्तगीरची कामाची एक रीत होती. जुना हार्नेस तो तुकडे करून काढत नसे. सगळा अख्खा सोडवून बाहेर घ्यायचा, गोणपाटावर गाडीच्या आकारात अंथरायचा, त्याच्या शेजारी नवा अंथरायचा, आणि जुन्याचं एकेक टोक नव्याच्या टोकाशी जुळवत जायचं. सगळी टोकं जुळली की मगच नवा गाडीत. जुना हार्नेस बाहेर आला त्या दिवशी तो सकाळपासून चुळबुळत होता.

"साहेब, चहा सांगून या. आलं घालून. तिथं हुबं ऱ्हाऊन घालून घ्या, तो लेकाचा आलं घालत न्हाई."

"फोन कर की त्याला."

"फोनवर आलं दिसतंय व्हय?"

मी गेलो. टपरीला कुलूप होतं. पुतण्याच्या लग्नाला गेलोय, असं खडूनं लिहिलं होतं. मी लगेच परत आलो, तर दस्तगीर गोणपाटाशी उकिडवा बसून जुन्या हार्नेसची एक बट गोणपाटाखाली दडपत होता.

"ते काय रे?"

"कुठं काय?"

"ती पिवळी. पीळ घातलेली." मी वाकून ती बाहेर ओढली. बाकीच्या सगळ्या वायरी एका जातीच्या, आणि ही घरात दिव्याला असते तसली. हॉर्नच्या वायरीतून फुटलेली, पुढे पकडीनं कापलेली. "ही नव्यात कुठाय?"

"ती... नसती."

"नसते कशी? तूच म्हणतोस, टोकाला टोक जुळलं पाहिजे. जुन्यात आहे आणि नव्यात नाही. फसवलं तुला कोइमतूरच्यानं! एक वायर कमी दिली. थांब, मी त्याला पत्रच लिहितो."

"पत्र नगा लिहू, साहेब."

"का नको? 'महोदय, आपण पाठवलेल्या हार्नेसमध्ये हॉर्नची एक महत्त्वाची वायर—'"

"साहेब, बसा जरा."

"बसायचा प्रश्नच नाही. 'महत्त्वाची वायर गाळण्यात आली असून, ग्राहक ह्या नात्यानं—'"

दस्तगीर तिथेच गोणपाटावर बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"वैनींनी शपथ घातलीया वो," तो म्हणाला.

मी पत्र थांबवलं. "कोणी?"

त्यानं मान वर न करता गाडीकडे बोट केलं. मी गाडीकडे गेलो. डावीकडचं दार उघडंच होतं, खालचा गालिचा गुंडाळलेला होता, आणि पत्र्यावर त्या पिवळ्या वायरीचं दुसरं टोक पडलं होतं. मी ते धरून मागं मागं गेलो. ते सीटखाली शिरलं होतं. गुडघे मोडून खाली बसलो आणि हात आत घातला. सीटच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूनं, बसलेल्या माणसाची बोटं सहज पोचतील अशा जागी काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं.

दारावरच्या बेलचं बटण होतं ते. कधीकाळी पांढरं असलेलं, मधे काळा ठिपका, एका कडेचा टवका गेलेला. बटण माझ्या ओळखीचं होतं. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या दाराचं. टवका मीच उडवला होता, कपाट आत घेताना.

मी ते दाबलं. गाडीत बॅटरी नव्हती, वायरिंग बाहेर गोणपाटावर पडलं होतं. काही वाजण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी थोडा वेळ थांबलो.

"रिक्षानं आल्या एकट्या," माझ्या मागून दस्तगीर म्हणाला. "पिशवीत ह्ये बटन आन् घरातली वायर. म्हनल्या, दस्तगीर, ह्यांना तोंडावर सांगितलं तर दोन दिवस धड जेवत न्हाईत, आन् तिसऱ्या दिवशी माझ्यावर लेख लिवतात. हॉर्न वाजला तर निदान समोर तरी बगतील."

"कधी हे?"

"गाडी घेतली त्याच्या फुडच्या साली."

"आणि मी दर वेळी तुझ्याकडे दुरुस्तीला आणायचो ती?"

"तुमी भायेर बसायचा. मी बटन साफ करून द्यायचो. कधीमधी चिकटतंय म्हनायच्या."

मी सीटखालून हात काढला नव्हता. "माझा लेख वाचला होतास?"

"वैनींनीच वाचून दाखवला की. हितं. त्या खोक्यावर बसून." त्यानं माझ्या रोजच्या खोक्याकडे हनुवटी केली. "लई हसलो आमी. त्यांना तर पानी द्याया लागलं."

"मग ती गेल्यावर तरी सांगायचंस."

"काय सांगनार? तुमी म्हनला, गाडीला दुख झालंय. म्हनलं, आसंल."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. दस्तगीरनं त्याला ओरडून उद्या यायला सांगितलं. मग तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि सीटखाली वाकून बघितलं, जणू बटण अजून जागेवर आहे की नाही अशी त्यालाच शंका होती.

"ह्येचं काय करू, साहेब? नव्या हार्नेसात ह्येला जागा न्हाई. काढून देतो. घरी न्हेता?"

घरी मी ते कुठे लावणार होतो? नव्या फ्लॅटची बेल दाबली की ती एक लांबलचक गाणं म्हणायची. ते गाणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. पेपरवाला बेल वाजवत नाही, आणि दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो.

"तिथंच लाव," मी म्हणालो.

"दाबनार कोन?"

"आधी लाव तर खरं."

त्यानं कोइमतूरच्या वेणीत एक नवी बट घातली, तीही पिवळीच शोधून. चिठ्ठी मी लिहिली. काय लिहावं सुचेना, म्हणून 'हॉर्न, डावा' असं लिहिलं.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी दस्तगीरनं एकेक दिवा लावून दाखवला. हेडलाइट असे पडले की समोरच्या भिंतीवरचं 'येथे लघुशंका करू नये' लख्ख वाचता आलं. अंधाराकडून प्रकाशाकडे असा तो प्रवास एकदाचा झाला.

"चला, एक चक्कर," तो म्हणाला. "मी संगट येतो. कुठं काय तापतंय का बगायला."

त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि तो थांबला. हात पँटला पुसले. कपडे तेलकट म्हणून सीटवर अंथरायला एक वर्तमानपत्र घेतलं. माझं सदर ज्यात यायचं तेच. मग अगदी अंग चोरून, दाराला चिकटून बसला.

गाडी छान चालली. माधवनगरच्या रस्त्याला लागलो तरी आम्ही दोघं गप्पच. त्या गाडीत मी इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नव्हतं. डावीकडे बघायचं टाळत होतो. दस्तगीरही खिडकीबाहेर बघत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्याकडे एक न वापरलेलं भाषण शिल्लक होतं.

मी घसा साफ केला. "मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे—"

पॉं!

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. समोर चिटपाखरू नव्हतं, रस्ता सरळ होता. पुढचं नीट दिसेना म्हणून मी वायपर लावले. नवे वायपर मोठ्या तत्परतेनं हलू लागले. काच कोरडीच होती.

"बरं बाई," मी समोर बघत म्हणालो. "राहिलं."

पॉं! पॉं!

"साहेब," दस्तगीर म्हणाला, "मघापासनं बटन दाबतोय. गिरणी मागं ऱ्हायली. जरा रिवर्स घेता का? मंडळीचं दळण घ्यायचं हाय."